मुलाची बेसबॉल कार्डं संग्रहालयाला द्यायची आहेत? आधी खोकी उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं मोठं घर विकून लहान घरात जायचंय. तळघरात मुलाने शाळेत असताना, १९८७ ते १९९३ या काळात जमवलेल्या बेसबॉल आणि बास्केटबॉल कार्डांची, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या पाकिटातल्या कार्डांची, दहा-बारा लांब खोकी आहेत. यजमानांनी १९९६ साली एका गराज सेलमधून चारशे डॉलरला घेतलेला बुटांचा एक डबा आहे, त्यात पन्नासच्या दशकातली टॉप्स कंपनीची कार्डं. शिवाय एका पाकिटात भारतातून आणलेली क्रिकेटची कार्डं. मुलगा म्हणतो टाकून द्या. यजमान म्हणतात म्युझियमला देऊ, टॅक्समध्येही सूट मिळेल. तर कोणतं म्युझियम घेईल, सूट किती मिळेल आणि क्रिकेटची कार्डं पुण्याला पाठवता येतील का?

मी बरीच वर्षं इथल्या एका इतिहास संग्रहालयात रजिस्ट्रार होतो. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद, कागदपत्रं आणि जागा सांभाळणं हे माझं काम. आता अशाच घरगुती संग्रहांची वाट लावून द्यायला मदत करतो, चांगल्या अर्थाने वाट. तुमचे प्रश्न तीन असले तरी ते एका मुद्द्यापाशी येऊन थांबतात: घेणारा त्या कार्डाचं पुढे काय करणार आहे? म्युझियमचा होकार-नकार त्यावर ठरतो आणि अमेरिकेचं करखातं, आयआरएस, तेही हेच विचारतं.

पण त्याआधी एक. मुलाला फोन करा आणि कार्डं कोणाची हे ठरवून घ्या. ‘टाकून द्या’ म्हणणं म्हणजे तुम्हाला दिली असं होत नाही. त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेतलेली कार्डं त्याच्या मालकीची आहेत, दानपत्रावर सही त्याची लागेल आणि सूट मिळालीच तर त्याच्या रिटर्नमध्ये जाईल. तुम्हाला ती हवी असतील तर त्याने आधी लेखी भेट द्यावी, दोन ओळींचा ईमेल पुरतो. मात्र भेटीत त्याची मूळ खरेदी किंमतही तुमच्याकडे येते, हे लक्षात असू द्या. किंमत चढली म्हणून तुमची खरेदी चढत नाही.

आता खोकी. १९८७ ते १९९३ हा काळ ऐकला की या धंद्यातली माणसं हसू दाबतात. तेव्हा टॉप्स, डॉनरस, फ्लीअर, स्कोअर, अपर डेक अशा सगळ्या कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की आजही न फोडलेली खोकी पडून आहेत. लोकांनी ती ‘पुढे कॉलेजची फी निघेल’ म्हणून जपली, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे ती दुर्मीळ झालीच नाहीत. जुन्या कार्डांना भाव आहे तो घरोघरी आईने ती कचऱ्यात टाकली म्हणून. १९५२ चं टॉप्सचं मिकी मँटल कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, आणि त्याच वर्षीचा न खपलेला माल खुद्द टॉप्सने १९६० साली बार्जवर घालून अटलांटिकमध्ये बुडवला होता.

तेव्हा त्या दहा-बारा खोक्यांत म्युझियमला रस नाही. अपवाद शोधायला एक रविवार द्या. १९८९ च्या अपर डेकमधलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनिअर आणि १९८६-८७ च्या फ्लीअरमधलं मायकल जॉर्डन, ५७ नंबरचं, ही दोन आधी बघा. मायकल जॉर्डन निघालं तर हात लावू नका, खोटी कार्डंही पुष्कळ फिरतात, जाणकाराला दाखवा. बाकी सगळी मुलांना द्या. शिकागोची ‘कार्ड्स टू किड्स’ ही संस्था नेमकं हेच करते: लोकांकडून कार्डं घेते, लावते आणि ज्या मुलांना पाकीट विकत घेणं परवडत नाही त्यांच्या हाती देते. तुमच्या गावातल्या लायब्ररीचा उन्हाळी कार्यक्रम, मुलांचं हॉस्पिटल, बॉइज अँड गर्ल्स क्लब यांनाही विचारा. मात्र आधी फोन करा. न विचारता दारात खोकी ठेवून जाणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकणं, आणि हे मी म्युझियमच्या मागच्या दाराशी उभं राहून अनेकदा पाहिलेलं आहे.

बुटांच्या डब्याकडे येऊ, खरं काम तिथे आहे. पन्नासच्या दशकातली कार्डं असतील तर रबर बँड आधी सोडवा. कापू नका, कात्रीचं टोक कडेला लागतं. बँडने दोन्ही कडांना पाडलेले खाचे दिसतील, ते तसेच राहणार. पुसू नका, दाबून सपाट करू नका, कोपरे तर अजिबात छाटू नका. कार्डं जुन्या प्लॅस्टिकच्या पानांत असतील आणि पान उघडताना नव्या शॉवर पडद्यासारखा वास आला तर ते पीव्हीसी आहे. त्यातून सुटणारं तेलकट द्रव्य शाईला धरतं. कार्ड सहज सरकत असेल तर काढून पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पिशवीत आणि मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कार्डाच्या मापाच्या कडक प्लॅस्टिकच्या खोळीत ठेवा. चिकटलं असेल तर ओढू नका, पानासकट राहू द्या.

मग यादी करा. म्युझियमच्या क्युरेटरला पाठवायची यादी ‘जुनी कार्डं, अंदाजे ३००’ अशी नसते. एक ओळ अशी हवी: ‘१९५५ टॉप्स, क्र. १६४, रॉबर्टो क्लेमेंटे, खालचा डावा कोपरा मऊ, मागे निळ्या पेनने मुलाच्या अक्षरात नाव, रबर बँडची खाच उजव्या कडेला.’ सोबत पुढचा-मागचा फोटो. तुम्हाला वाटेल पेनने लिहिलेलं नाव म्हणजे नुकसान. विक्रीत ते नुकसानच आहे. पण कार्डं गल्लीतल्या पोरांनी कशी वापरली, कोणाची कोणाकडे गेली, हे दाखवणारी वस्तू म्युझियमला हवी असते, आणि त्यासाठी ते नाव फायद्याचं ठरू शकतं. म्हणून यजमानांना आठवेल ते सगळं लिहून काढा: गराज सेल कोणत्या गावात, विकणाऱ्याने काय सांगितलं, डबा कोणत्या दुकानाचा. तो डबाही टाकू नका.

म्युझियम घेतं कसं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण जेफरसन बर्डिक यांचं आहे. सिरॅक्यूजमध्ये विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने बोटं वाकलेला हा माणूस. त्यांनी तीन लाखांहून अधिक छापील चिठ्ठ्या-चिटोऱ्या जमवल्या होत्या: जाहिरातीची कार्डं, पोस्टकार्डं, सिगारेटच्या पाकिटांतली चित्रं आणि तीस हजारांवर बेसबॉल कार्डं. १९४७ पासून त्यांनी हा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टला द्यायला सुरुवात केली. तिथले मुद्राचित्रांचे क्युरेटर हायट मेयर यांनी तो घेतला, पण नुसती खोकी स्वीकारली नाहीत, तर सगळं लावून, वर्गवारी करून द्यायचं काम बर्डिक यांच्याकडेच ठेवलं. म्युझियममध्ये त्यांना एक टेबल मिळालं. तिथे बसून त्यांनी वर्षानुवर्षं कार्डं अल्बममध्ये चिकटवली, १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये वारले. सिगारेटच्या पाकिटांतल्या बेसबॉल कार्डांच्या एका गाजलेल्या मालिकेला आज आपण टी-२०६ म्हणतो, तो क्रमांकही त्यांच्याच सूचीतून आला. चिकटवणं आज कोणी करू देणार नाही, ते त्या काळाचं तंत्र. पण म्युझियमला खोकी जड जातात आणि लावलेला, नावं-गावं असलेला संग्रह हवासा वाटतो, हे तेव्हाइतकंच आजही खरं आहे.

दुसरं उदाहरण बेंजामिन एडवर्ड्स यांचं. त्यांच्या अल्बममधली १८८७ ते १९१४ ची सुमारे २,१०० बेसबॉल कार्डं आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या संगणकावर बघता येतात. एडवर्ड्स वारल्यावर त्यांच्या मुलीने अल्बम कवी कार्ल सँडबर्ग यांना दिले आणि सँडबर्ग यांनी १९५४ साली ते लायब्ररीला दिले. बेसबॉलचं कार्ड बेसबॉलच्याच म्युझियममध्ये गेलं पाहिजे असं नाही, हे यावरून दिसेल. छपाईचा, जाहिरातीचा, तंबाखूच्या धंद्याचा, स्थलांतरितांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थाही ती घेतात.

तुमच्या डोक्यात कूपर्सटाउनचं बेसबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलचं सर्वांत नावाजलेलं म्युझियम, असणारच. त्यांच्याकडे लाखाच्या वर कार्डं आधीच आहेत, २०१९ मध्ये कार्डांवरचं एक कायमस्वरूपी प्रदर्शनही उघडलं आहे. ते वस्तू विकत घेत नाहीत, दानच घेतात, आणि प्रत्येक प्रस्ताव समितीपुढे जातो. जे त्यांच्याकडे आहे त्याची दुसरी प्रत ते सहसा घेणार नाहीत. १९५५ चं क्लेमेंटे तुमच्यासाठी मोठी गोष्ट, त्यांच्यासाठी नाही. माझं मत विचाराल तर पन्नासच्या दशकातल्या कार्डांसाठी आधी लहान म्युझियम बघा: ज्या गावातून डबा आला तिथली हिस्टॉरिकल सोसायटी, एखाद्या कॉलेजचं स्पेशल कलेक्शन. मोठ्या म्युझियममध्ये नाव लागतं ते पाटीवर नसून कपाटातल्या फोल्डरवर.

कोणीही घेतलं तरी दानपत्र वाचूनच सही करा. चांगलं म्युझियम ‘कायम प्रदर्शनात ठेवू’, ‘कधीच विकणार नाही’, ‘संग्रह एकत्रच ठेवू’ अशी वचनं देत नाही. जे देतं त्याच्याबद्दल मला उलट शंका येते. अटी घालत बसलात तर म्युझियम मागे हटतं आणि करसवलतही धोक्यात येते, कारण ज्या वस्तूवर तुमचा ताबा उरला ती पूर्ण दिली असं होत नाही. दहा वर्षांसाठी ‘ठेवायला’ दिली तर ते कर्जाऊ देणं झालं, त्याला सूट शून्य.

आता सूट. कार्डं ही आयआरएसच्या भाषेत कलेक्टिबल, म्हणजे हातात धरता येणारी वैयक्तिक मालमत्ता. एक वर्षाहून अधिक काळ तुमच्याकडे असलेली वस्तू तुम्ही सार्वजनिक धर्मादाय संस्थेला दिली आणि ती संस्था तिचा उपयोग आपल्या मूळ कामासाठी करणार असेल, तर आजच्या बाजारमूल्याएवढी वजावट मिळते. इथली मंडळी याला ‘रिलेटेड यूज’ म्हणतात. इतिहासाचं म्युझियम ते कार्ड संग्रहात ठेवून अभ्यासाला देतं, ते झालं रिलेटेड. हॉस्पिटल किंवा मंदिर ते लिलावात विकून पैसे वापरतं, ते झालं अनरिलेटेड, आणि मग वजावट तुमच्या खरेदी किमतीपुरतीच. हेतू कितीही चांगला असो.

आकडे घालून बघू. समजा डबा चारशे डॉलरचा आणि आज त्याची रास्त किंमत ३०,००० डॉलर निघाली. तुम्ही प्राप्तिकराच्या ३२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात. म्युझियमला संग्रहासाठी दिला तर वजावट ३०,००० ची, कर वाचला सुमारे ९,६०० डॉलर. हॉस्पिटलच्या निधी जमवायच्या लिलावासाठी दिला तर वजावट ४०० ची, वाचले १२८ डॉलर, आणि हॉस्पिटलला मात्र पूर्ण किंमत मिळणार. तिसरा रस्ता लोक विसरतात: तुम्हीच विका आणि सगळे पैसे हॉस्पिटलला रोख द्या. कलेक्टिबलच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जास्तीत जास्त २८ टक्के, म्हणजे २९,६०० वर सुमारे ८,२९० डॉलर कर. समोर ३०,००० च्या देणगीची वजावट, ९,६०० चा फायदा. निव्वळ १,३०० च्या आसपास तुमच्याच बाजूने. लिलावगृहाचं कमिशन, राज्याचा कर आणि जास्त उत्पन्न असेल तर ३.८ टक्क्यांचा अधिभार यात धरलेला नाही, त्याने हा फायदा सहज पुसला जाईल. पण कार्ड थेट देणंच नेहमी शहाणपणाचं असतं, असं नाही.

विकून मदत करण्यात कमीपणा काहीच नाही. बाल्टिमोरच्या स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या ख्रिस्ती जोगिणींच्या संस्थेला एका दिवंगत सिस्टरच्या भावाने मृत्यूनंतर सगळी चीजवस्तू ठेवली. त्यात निघालं टी-२०६ मालिकेतलं होनस वॅग्नर या खेळाडूचं दुर्मीळ कार्ड, तीन बाजूंच्या पांढऱ्या कडा कापलेलं, वरून लॅमिनेशन केलेलं. तरी २०१० च्या विक्रीतून त्यांना सुमारे २,२०,००० डॉलर मिळाले. मृत्युपत्रातून दिलेल्या वस्तूला तो रिलेटेड-अनरिलेटेडचा नियम लागत नाही, म्हणून तिथे विकण्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

वारशाचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. हीच कार्डं तुम्हाला वारशाने आली असती तर त्यांची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाला चढली असती आणि वरचा बराचसा गुंता सुटला असता. ज्यांच्या घरी आजोबांचा संग्रह आला आहे त्यांनी त्या तारखेची किंमत आत्ताच काढून ठेवावी. आणि यजमान ईबेवर नियमित खरेदी-विक्री करत असतील तर ती कार्डं दुकानातला माल ठरतात, मग कुठेही दिली तरी वजावट किमान पातळीवर, खरेदीएवढीच.

कागदपत्रांत चुका सर्वांत जास्त होतात. ५०० डॉलरच्या वरच्या वस्तुरूप दानाला फॉर्म ८२८३ लागतो. ५,००० च्या वर गेलात की पात्र मूल्यांककाचा लेखी अहवाल हवा, तो दानाच्या ६० दिवसांपेक्षा आधीचा नको आणि रिटर्नच्या मुदतीआधी तुमच्या हातात हवा. ५,००० ची मर्यादा एका कार्डाला नाही, एकसारख्या वस्तूंच्या एकत्रित किमतीला आहे. वीस कार्डं चार संस्थांना वाटून दिलीत तरी बेरीज एकच. कार्डांचे भाव देणारं बेकेटचं प्राइस गाइड म्हणजे मूल्यांकन नव्हे आणि कार्डं तपासणाऱ्या पीएसए कंपनीने दिलेला ग्रेडही नव्हे, ग्रेड कार्डाची अवस्था सांगतो, किंमत नाही. किमतीच्या टक्केवारीवर फी मागणारा मूल्यांकक सरळ नाकारा, ते नियमात बसत नाही. एकाच कार्डाच्या चाळीस प्रती असतील तर ‘एकाची किंमत गुणिले चाळीस’ असंही चालत नाही.

फॉर्म ८२८३ वर म्युझियमचीही सही असते, आणि वस्तूचा वापर अनरिलेटेड असणार आहे का याचं हो-नाही उत्तरही. त्या चौकटीकडे स्वतः बघा. म्युझियमने तीन वर्षांच्या आत वस्तू विकली तर त्यांना १२५ दिवसांत फॉर्म ८२८२ भरून आयआरएसला कळवावं लागतं, आणि तुमची घेतलेली जादा सूट परत जोडली जाऊ शकते. म्हणून मी देणाऱ्यांना नेहमी एक प्रश्न थेट विचारायला सांगतो: ‘हे नोंद होऊन कायम संग्रहात जाणार, की शैक्षणिक वापराच्या डब्यात, की विक्रीला?’ तिन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात, पण कराचा हिशोब उत्तराप्रमाणे बदलू शकतो. उत्तर ईमेलवर घ्या.

यातलं काहीही तुम्ही आयटमाइज करत असाल, म्हणजे रिटर्नमध्ये एकेक वजावट वेगळी दाखवत असाल, तरच. २०२६ साली जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे तसं न करता मिळणारी ठोक वजावट, ३२,२०० डॉलर आहे. घराचा हप्ता संपलेला असेल तर तुमचे बाकीचे खर्च तिथपर्यंत पोचतील का, आधी बघा. त्याच वर्षापासून आयटमाइज करणाऱ्यांच्या देणगीतला समायोजित उत्पन्नाच्या ०.५ टक्के इतका पहिला भाग धरलाच जात नाही. आयटमाइज न करणाऱ्यांना जी नवी छोटी सूट मिळाली आहे ती फक्त रोख देणगीला आहे, कार्डांना नाही. बाजारमूल्याने घेतलेली वजावट वर्षाला उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच, उरलेली पुढची पाच वर्षं नेता येते. तुमच्या सीपीएला, म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्या हिशोबनिसाला, हे सगळं माहीत असेल, फक्त त्याला एप्रिलमध्ये नाही, दान करण्याआधी फोन करा.

शेवटी क्रिकेटचं पाकीट. पुण्यात २०१२ पासून ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय आहे, तिथे विचारायला हरकत नाही. मात्र भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या वस्तूला अमेरिकेत वजावट नाही, आणि भारतातही प्राप्तिकरात देणगीची सूट पैशांत दिलेल्या देणगीलाच मिळते, वस्तूला नाही. तेव्हा हे द्यायचं ते मनाने द्यायचं. पाकिटात काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ‘बिग फन’ बबलगममधून निघणारी, धावा आणि विकेट मोजायची ती कार्डं असतील तर माझ्या मते ती तुमच्या तळघरातल्या दहा खोक्यांपेक्षा म्युझियमसाठी मोलाची आहेत. टॉप्स जपणारे लाखो लोक इथे होते, बिग फनची कार्डं आपण शाळेच्या दप्तरात चुरगाळली. पाठवण्याआधी यादी आणि फोटो ईमेलने पाठवा, होकार लेखी घ्या, सीमाशुल्काचं कुरिअरवाल्याला विचारा आणि मूळ कार्डं टपालात घालण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा. तिकडून कोणी येणार असेल तर हातानेच पाठवलेलं बरं. तोवर पाकीट तळघरातून वर आणा, न्यू जर्सीच्या उन्हाळ्यातली दमट हवा बबलगमच्या कागदाला सोसत नाही.